उजेड कमी पडला

मंगळवार, २ सप्टेंबर

नऊ! भर दुपारी बारा वाजता उजेड मोजायचा मीटर नऊ दाखवतोय. आधी वाटलं, मीटरच बिघडला. बॅटरी काढली, पुसली, परत घातली. नऊ. मग शिडी लावून काचघराच्या छपरावर चढले, काचा धुतल्या. दोन बादल्या पाणी, निघाली ती काळी राख. खाली येऊन पुन्हा पाहिलं. दहा.

एरवी या वेळी, सावलीची जाळी लावूनसुद्धा, उजेड दोनशेच्या खाली येत नाही.

डोंगरापलीकडचं रान पेटून आज आठ दिवस झाले. जमिनीखालचा पाल्याचा थर धुमसतोय म्हणे – वरून कितीही पाणी मारा, आतून जळतच राहतो. वारा पडलाय. सगळा धूर आमच्या खोऱ्यात येऊन बसलाय, चिवट पाहुण्यासारखा. उठायचं नाव नाही.

एकुलतीची रेघ बाराला आहे. आज दहा.

बुधवार, ३ सप्टेंबर

डोकं ठिकाणावर राहावं म्हणून लिहिते.

शाळेत शिकवतात, पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. मला ते कधी पटलं नाही. स्वयंपाकघरात आपण आणलेलं शिजवतो. पान धान्यच बनवतं! हवेतला वायू, मुळांनी वर पाठवलेलं पाणी, आणि उजेड – बस्स. हिरव्या द्रव्यावर उजेड आदळला की त्यातला एक बारीकसा कण उडी मारतो. त्या उडीच्या जोरावर पाणी फुटतं, प्राणवायू बाहेर पडतो, आणि उडीतला जोर पान धरून ठेवतं. तोच जोर लावून मग हवेतल्या वायूची साखर. साखर जास्त झाली की तिचं पिठूळ, म्हणजे स्टार्च, करून ठेवायचं, रात्रीसाठी. उजेड कुणाला खाता येतो का? पान त्याला खाण्याजोगा करतं. सव्वीस वर्षं हे माझ्या डोळ्यांदेखत चाललंय आणि अजून मला त्याचं नवल वाटतं.

पण झाड श्वासही घेतं. दिवस असो, रात्र असो. श्वासाला साखर लागते. म्हणून प्रत्येक झाडाची एक रेघ असते – तेवढ्या उजेडात ते जेवढं बनवतं तेवढंच संपवतं. रेघेच्या वर गेलं तर वाढतं. खाली आलं तर स्वतःलाच खायला लागतं. आधी साठवलेलं पिठूळ, मग जुनी पानं, मग खोड.

बाकीच्या झाडांची मला तेवढी भीती नाही. ती गेली तर बी आहे, दुसऱ्या बागांमध्ये भावंडं आहेत. एकुलतीला कुणी नाही. ज्या कड्यावर ती सापडली तो कडा दगडाच्या खाणीत गेला. ही मादी. नर कुणाला कधी सापडलाच नाही, त्यामुळे बी नाही. फांदी लावली तर मूळ धरत नाही. काचेच्या नळीत सहा वेळा लावून झाली, सहाही वेळा बुरशी. जगात एक. गुडघ्याएवढी उंची, अकरा पानं. तिचं शास्त्रीय नाव हातभर लांब आहे, ते फक्त साहेबांना येतं. आम्ही एकुलती म्हणतो.

गुरुवार, ४ सप्टेंबर

वीज गेली. डोंगरावरचे खांबच जळाले. जी थोडी वीज येते ती दवाखान्याला आणि पाणीपुरवठ्याला. म्हणजे काचघरातले दिवे बंद.

साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमच्या बागेचे संचालक. माणूस वाईट नाही, पण कागदाबाहेर पाऊल टाकत नाही.

"जनरेटरचं डिझेल बियांच्या थंड खोलीसाठी आहे," म्हणाले. "वरून लेखी आदेश आहे."

"साहेब, रोज चार तास. एकच दिवा."

"चार हजार जातींचं बी आहे त्या खोलीत. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

तेच केलं असतं. त्याचाच तर राग आला.

दुसऱ्या शहरातली बाग एकुलतीला घ्यायला तयार आहे. पण घाट बंद. विमानं बंद. आमच्या छतावरचे सौर पॅनेल आणि आमची झाडं – दोघंही उपाशी बसलेत एकमेकांकडे बघत.

मीटर – आठ.

शनिवार, ६ सप्टेंबर

साहेबांच्या गाडीचा पुढचा दिवा आणि बॅटरी काढून एकुलतीपुढे लावली. साहेबांना न विचारता. सकाळी सात ते साडेदहा चालला. मीटर बावीस! नाचावंसं वाटलं. मग दिवा पिवळा पडला, मग तांबडा, मग विझला.

साहेब आले. गाडीकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डबा काखेत मारला आणि चालत घरी गेले. पाच किलोमीटर, त्या धुरात.

रविवार, ७ सप्टेंबर

सर्वांत खालचं पान पिवळं. दहा राहिली.

सोमवार, ८ सप्टेंबर

सहा. आजचा आकडा सहा.

आज दुपारभर काचघरात नुसती बसून होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आरसे लावून झाले, पांढरे कागद लावून झाले. सहाचे सात होतात. हातात मीटर धरून झाडाला उपाशी मरताना बघायचं, एवढंच काम. वाळणारं झाड ओरडत तरी नाही. एक पान सोडतं, मग दुसरं सोडतं – घरातली बाई आधी आपलं ताट बंद करते तसं.

संध्याकाळी घरी निघाले. नाकाला ओला रुमाल, दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. दवाखान्याच्या वळणावर वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी निळी. लख्ख निळी! धूर तिच्यापुरता निळा झालेला.

तिथेच उभी राहिले. नवजात बाळांचा वॉर्ड. कावीळ झालेल्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात.

आणि पानाला सगळ्यांत जास्त काय लागतं? निळा आणि तांबडा. हिरवा त्याला नको असतो, म्हणून तर तो परत फेकतं आणि आपल्याला पान हिरवं दिसतं. निळा!

मग आठवलं, त्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर कोण आहेत.

घरी येऊन चहा केला, प्यायले नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर – सकाळ

जायचं की नाही?

जाऊबाईंशी तीन वर्षं बोललेले नाही. हे गेले ते त्याच दवाखान्यात. छातीत कळ आली म्हणून नेलं होतं, चार तासांत संपलं. जाऊबाई त्या दिवशी कामावर होत्या. आणि मी व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर, त्यांना म्हणाले – "घरचं माणूस असून तुमच्या हातून गेले!"

त्यांचा तो वॉर्डही नव्हता. मजलाही नव्हता.

त्या तेराव्यालाही आल्या नाहीत. त्यानंतर ना त्यांनी माझा उंबरा ओलांडला, ना मी त्यांचा. माफी मागायची म्हणून दोनदा निघाले होते. दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत आले. आणि आता जायचं ते काम घेऊन!

मीटर पाहून येते. सातच्या वर असला तर जाणार नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर – दुपार

पाच होता.

गेले. जाऊबाई काचेच्या दाराबाहेर आल्या. केस पांढरे झालेत. मला बघून चेहरा उतरला.

"कोण आजारी आहे?" – पहिलं वाक्य.

"कुणी नाही. झाड."

"झाड?"

मग मी सांगत सुटले. रान, धूर, रेघ, अकरा पानांची दहा झाली, आज सकाळी नऊ. मध्येच रडू फुटलं. जाऊबाई ऐकत होत्या. आतून एक बाळ रडायला लागलं, त्यांनी कान तिकडे दिला, नजर माझ्याकडेच.

"तीन वर्षांनी आलीस, ती झाडासाठी," म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"वर बघ. राग नाही आला मला. कुणासाठी तरी आलीस ना!" मग म्हणाल्या, "एक जुना दिवा पडून आहे. चारातल्या तीन नळ्या चालतात. वॉर्डात माती आणू द्यायची नाही मी, पण टोकाला चादरींची खोली आहे. मोठ्या डॉक्टरांना विचारते. नाही म्हणाले तर मला दोष देऊ नकोस."

तो शब्द निघाला आणि दोघीही भिंतीकडे बघायला लागलो.

डॉक्टर हसले म्हणे. 'झाडाला कावीळ झाली का?' पण हो म्हणाले. अट एकच – बाळ आलं की दिवा बाळाचा.

"न विचारता घ्या," मी म्हटलं.

बुधवार, १० सप्टेंबर

एकुलतीला पोटाशी धरून नेलं. वर ओली चादर. रस्त्यात एकानं विचारलं, "पेशंट आहे का?" हो म्हटलं.

चादरींच्या खोलीत लोखंडी मांडणीवर, स्टीलच्या ट्रेमध्ये कुंडी ठेवली. ट्रे जाऊबाईंनी दिला – "माती सांडायला नको." दिवा लावला. मीटर धरला.

चौऱ्याहत्तर!!

पानं काळी दिसतात त्या उजेडात. जाऊबाई घाबरल्या. "अगं, जळली का काय?" मी म्हटलं, नाही, सगळा निळा पिऊन टाकतेय ती. परत फेकायला हिरवा आहेच कुठे या दिव्यात? म्हणून काळी. "बघा, पहिला घास."

जाऊबाई बराच वेळ बघत राहिल्या. "आमच्याकडेही तेच की गं. बाळाच्या कातडीत साठलेलं पिवळं असतं ना, ते या उजेडात रूप बदलतं आणि शरीराबाहेर जातं. औषध नाही, सुई नाही. नुसता उजेड."

दोघी तशाच उभ्या होतो. निळ्या.

शनिवार, १३ सप्टेंबर

चार दिवसांत एकही पान गेलं नाही! नऊच्या नऊ. रोज दुपारी जाते. मातीत बोट घालून बघते, पुष्कळ ओल आहे. मग जाऊबाई पाच मिनिटं येऊन स्टुलावर बसतात.

आज आपणहून म्हणाल्या, "त्या दिवशी मला निरोप मिळाला तेव्हा मी वरून धावत आले होते. जिन्यात चप्पल तुटली. तशीच अनवाणी आले. तोवर..."

"जाऊबाई, मी त्या दिवशी जे बोलले ना–"

"हळू बोल. पलीकडे बाळं झोपलीत."

माफी मागू दिली नाहीच. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. ड्यूटीवरच्या बाईचा हात, स्पिरिटचा वास.

रविवार, १४ सप्टेंबर

शेंड्याला टोक आलंय. भाताच्या शितापेक्षा लहान, पण आलंय. नवीन पान! जाऊबाई म्हणतात, "तुझी लेक बाळसं धरतेय हं." सगळ्या वॉर्डला सांगून आल्या.

बाहेर – चार. बागेत आज आणखी तीन कुंड्या रिकाम्या केल्या. आपल्याला मात्र चौऱ्याहत्तर. लाज वाटते इतका आनंद झाला.

सोमवार, १५ सप्टेंबर

खोलीत शिरले तर अंधार. दिवा नव्हता.

जाऊबाई धावत आल्या. "सकाळी जुळी आलीत गं. अडीच महिने आधी जन्मलीत, दोघंही पिवळीधमक. आणि एक दिवा आमचाही गेला."

"बरं केलंत," मी म्हटलं. लगेच म्हटलं.

पण इथे खोटं कशाला लिहू? लगेच म्हणण्याच्या आधी एक क्षण होता. जाऊबाईंना दिसला नसेल, मला दिसला. त्या क्षणी माझ्या मनात आलं – एका दिव्याखाली दोघांना झोपवता येणार नाही का? अडीच महिने आधी जन्मलेल्या, हाताच्या पंजाएवढ्या जिवांविषयी! मी काय होत चाललेय? हे असते तर त्यांना तरी सांगितलं असतं का मी हे? नसतं सांगितलं.

काचेतून ती बाळं बघितली. डोळ्यांवर पट्टी, अंगावर उजेड. एकाची मूठ उघडमीट होत होती.

खोलीत परत येऊन एकुलतीपाशी बसले. म्हटलं, जरा कळ काढ.

बुधवार, १७ सप्टेंबर

अजून अंधार. एक पान गेलं. आठ.

गुरुवार, १८ सप्टेंबर

जुळी उतरणीला लागली! पिवळं कमी झालं. दिवा परत मिळाला. जाऊबाईंनी स्वतः ढकलत आणला, दारातूनच म्हणाल्या, "घे बाई, तुझ्या लेकीचा सूर्य."

शेंड्याचं टोक सुकलेलं नाही. चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. मी दोनदा मोजलं.

शनिवार, २० सप्टेंबर

आता हे काय नवीन!

दवाखाना बाहेरच्यांना बंद. धुरानं दम लागलेले पेशंट व्हरांड्यात झोपवलेत, पाय ठेवायला जागा नाही. फाटकावर पहारेकरी. मी म्हटलं, माझं माणूस आहे आत. तो म्हणाला, "बाई, सगळ्यांचंच माणूस आहे आत."

जाऊबाई वरच्या खिडकीत आल्या. खाली वाकून ओरडल्या, "काळजी करू नकोस! मी आहे ना! पोटच्या पोरासारखी बघते!"

त्याही आता तिथेच राहणार. घरी जायला सोडत नाहीत.

मंगळवार, २३ सप्टेंबर

मीटर – तीन.

काचघरात आता मी एकटीच हिरवी साडी नेसून हिंडते. बाकी सगळं पिवळं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

दवाखान्याच्या वळणावर उभी राहते रोज. टोकाची खोली मागच्या बाजूला, दिसत नाही. बाळांची खिडकी दिसते. ती निळी असली की समजायचं, वीज आहे. वीज आहे म्हणजे ती जेवतेय.

साहेब म्हणाले, "तू घरी थांब, खोकला वाढलाय तुझा." म्हटलं, घरी कोण आहे?

रविवार, २८ सप्टेंबर

फोन लागला! तीन दिवस लावत होते!

"दिवा चालू आहे ना?"

"जवळजवळ चोवीस तास. पहाटे थोडा वेळ बंद करते, तू म्हणाली होतीस तसं. त्यांनाही झोप हवी." आवाज थकलेला. "अगं, पण काल दुपारपासून पानं मान टाकतात. शेंडाही वाकलाय. मी रोज बघतेय हं, एक दिवस चुकलेले नाही–"

"कुठलं पान? खालचं की–"

कट्. नंतर लागलाच नाही.

काय झालं असेल? ते अंधारातले तीन दिवस भोवले का? नळी गेली असेल का एखादी – तीनाच्या दोन? मीटर माझ्याकडे, ती तिथे. त्यांना नुसत्या डोळ्यांनी कसं कळणार उजेड किती ते?

फाटकावर गेले. हात जोडले. पहारेकऱ्यानं मीटर आत नेऊन द्यायलाही नकार दिला. त्याच्या मागे दोन माणसं एका म्हाताऱ्याला खुर्चीतून उतरवत होती, म्हाताऱ्याचे ओठ जांभळे. मी बाजूला झाले. माझ्या झाडासाठी मी कुणाची वाट अडवतेय?

मंगळवार, ३० सप्टेंबर

काही कळत नाही. काही खाववत नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज फाटकाशीच बसून राहिले दुपारभर. कुणाकुणाला निरोप सांगितला. एक वॉर्डबॉय जरा थांबला, आत जाऊन आला. म्हणाला, "मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अजून आहे."

अजून आहे! असं माणसाविषयी म्हणतात.

शनिवार, ४ ऑक्टोबर

वारा सुटला. पहाटेपासून. पत्रे वाजायला लागले म्हणून जागी झाले. दार उघडलं तर समोरच्या घराची खिडकी दिसली – कुंडीसकट, पडद्यासकट. महिनाभरात दिसली नव्हती.

आठ वाजता अंगणात माझी सावली पडली. वेड्यासारखी तिच्याकडे बघत राहिले. शेजारीण गच्चीवरून ओरडली, "अहो, निळं आहे वर!"

धावत काचघरात. मीटर – शंभर, एकशे साठ, दोनशे दहा. चढतोच आहे!

दुपारी दवाखाना उघडणार म्हणे. तिला इथे आणते, जाळीखाली ठेवते. एकदम ऊन सोसायचं नाही तिला. कोपरा झाडून ठेवलाय.

रविवार, ५ ऑक्टोबर

मला जावं लागलं नाही. काल चार वाजता जाऊबाईच आल्या. पायी. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली कुंडी कडेवर.

काचघराच्या दारात थांबल्या. आत येईनात. "आज पहाटे दिवा लावायला गेले," म्हणाल्या, "तर सगळी पानं खाली."

मी चादर काढली. शेंडा तपकिरी. खोड नखानं खरवडलं – तपकिरी. आणखी खाली खरवडलं. तपकिरी. एका पानाला मध्ये थोडा हिरवा उरला होता, देठ धरताच हातात आलं.

बाहेर इतकं ऊन होतं! काचेवर चकाकत होतं नुसतं.

जाऊबाई खाली फरशीवर बसल्या. पंधरा दिवस दवाखान्यात राहिलेली बाई, पाय सुजलेले, डोळे आत गेलेले. रडताना आवाज नाही त्यांचा. "मी सगळं केलं गं. वॉर्डात तीन पेशंट गेले त्या दिवशीसुद्धा केलं. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, एकदाही चुकले नाही. पानांनी मान टाकली तेव्हा जास्तच लक्ष दिलं. कशानं गेली? माझं काही चुकलं का? खरं सांग."

"उजेड कमी पडला, जाऊबाई," मी म्हटलं. "तीन नळ्या त्या. किती पुरणार?"

मला तसंच वाटतंय.

त्यांना घरी घेऊन आले. माझ्या घरी. पलंगावर निजवलं. झोपेतसुद्धा दचकत होत्या. सकाळी उठून स्वतःच्या घरी गेल्या.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

साहेबांनी फॉर्म पाठवला. एकच पान. एकूण संख्या – शून्य. खाली शेवटचा रकाना: नष्ट होण्याचं कारण.

भरण्याआधी ते शेवटचं पान तपासलं. स्पिरिटमध्ये उकळून रंग काढला, वर आयोडीन सोडलं. पिठूळ असेल तर काळं होतं, नसेल तर नुसतं पिवळट. काळं झालं. देठापासून टोकापर्यंत काळंशार! उजेड पुरला होता. दिव्यानं त्याचं काम केलं, पानानं त्याचं. ती उपाशी नव्हती.

मग कुंडी उपडी केली. आंबूस वास. मुळं नव्हतीच, चिखल होता. बुडाला ट्रेमधल्या पाण्याची रेघ उमटलेली. पोटापुरत्या उजेडात झाड फारसं पाणी पीत नाही, आणि कुजलेल्या मुळांचं झाड मान टाकतं ते अगदी तहानलेल्यासारखं. पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. पाणी किती घालायचं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मीच जात होते ना रोज!

रकान्यात लिहिलं – धुरामुळे प्रकाशाची कमतरता. खाली सही केली. मग जाऊबाईंना फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

म्हणाल्या, "जेवलीस का?"

नव्हते जेवले. हो म्हटलं.